दिवस राहण्याआधीपासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत: आईचं खाणं, गोळ्या आणि तपासण्या कुठल्या क्रमाने करायच्या

गरोदर बाईच्या खाण्याकडे आपल्याकडे घराचं खरं लक्ष जातं ते डोहाळजेवणाच्या आसपास, म्हणजे सातव्या महिन्यात. मग डबे भरून लाडू येतात, तूप येतं, सुका मेवा येतो, माहेरी गेली की आई बळेबळे वाढते. पण तोपर्यंत बाळाचं हृदय, मणका, स्वादुपिंड हे सगळं कधीच आकाराला आलेलं असतं. बहुतेक घरांत चूक होते ती खर्चात किंवा मायेत नाही, क्रमात होते. म्हणून हा लेख क्रमानेच लिहितेय.

हे एवढं मनावर का घ्यायचं, तर पोटात पोषण कमी पडलं की बाळ आधी मेंदूला पुरवतं आणि स्नायू, किडनी, स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी येतं. पुढे त्याच मुलाला भरपूर खायला आणि बसून राहायला मिळालं की डायबिटीस, बीपी, हार्टचा त्रास लवकर मागे लागतो. पुण्याजवळच्या सहा गावांत पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांची टीम १९९३ पासून आया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा करतायत. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची निघाली, इंग्लंडच्या बाळांपेक्षा जवळपास ८०० ग्रॅमने हलकी, पण अंगावरची चरबी काही त्या मानाने कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. म्हणजे दिसायला बारीक पण आतून चरबीचं बाळ. त्यामुळे "शेवटच्या दोन महिन्यांत वजन वाढवू" हा उपाय इथे चालत नाही.

एक आधीच सांगते: ज्यांना डायबिटीस, थायरॉइड, बीपी, फिट्स यातलं काही आहे किंवा जुळं आहे त्यांचे डोस वेगळे असतात, ते डॉक्टरांनाच विचारा.

## टप्पा १: दिवस राहण्याच्या आधीचे तीन महिने

सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा हाच. बाळाच्या मणक्याची आणि मेंदूची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकून दोनच आठवडे झालेले असतात, पुष्कळ जणींनी तेव्हा घरी टेस्टसुद्धा केलेली नसते. फॉलिक ॲसिडचा मणक्यासाठी खरा उपयोग होतो तो तेवढ्याच काळात. म्हणून "मूल हवंय" असं ठरलं की त्याच महिन्यापासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायची. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर डोस बराच मोठा लागतो, तो डॉक्टर ठरवतील.

आता बी-१२ या व्हिटॅमिनबद्दल, आणि हे नीट वाचा. पुण्याच्या त्याच अभ्यासात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांमध्ये बी-१२ कमी होतं, आणि ज्या आयांचं बी-१२ कमी पण फॉलिक भरपूर होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याची लक्षणं सगळ्यात जास्त दिसली. याचा अर्थ फॉलिकची गोळी सोडायची असा अजिबात नाही, ती घ्यायचीच, फक्त बी-१२ कडेही बघायचं. बी-१२ मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटण यातून. भाज्या, डाळी, कडधान्यं यात ते जवळपास नसतंच, त्यामुळे जी पूर्ण शाकाहारी आहे आणि दूध म्हणजे फक्त चहातलं, तिने तपासणी करून डॉक्टरांकडून गोळी लिहून घ्यावी.

या काळात करून घ्यायच्या गोष्टी:

- सीबीसी म्हणजे हिमोग्लोबिनसकट रक्ताची पूर्ण तपासणी, शुगर, थायरॉइड, बी-१२, बीपी.
- सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी, खास करून विदर्भ, नंदुरबारकडच्या आदिवासी भागातल्यांनी सिकलसेलची. नवऱ्याचीही.
- उंची आणि वजन लिहून ठेवणं. पुढचा सगळा हिशोब या आकड्यावर आहे.
- मिश्री बंद. हे मोकळेपणी बोललं जात नाही, "मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते" असं सांगणाऱ्या बायका गावोगाव आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हिरडीतून निकोटीन रक्तात जातं आणि बाळाचं वजन घटतं. सिगरेट, बिडी ओढणाऱ्याने घराबाहेर जायचं, आणि खरं तर सोडायचंच.

थांबा, तपासा: आधीपासून डायबिटीस असेल तर शुगर आटोक्यात आल्याशिवाय चान्स घेऊ नका. पहिल्या आठ-दहा आठवड्यांत शुगर वाढलेली असेल तर बाळाच्या हृदयात दोष राहण्याचा धोका वाढतो.

मुंबईत झोपडपट्टीतल्या बायकांवर एक मोठा अभ्यास झाला, त्यात पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ दिवस राहण्याच्या आधीपासून रोज दिला. त्या बायकांमध्ये गरोदरपणातला डायबिटीस कमी झाला, आणि ज्यांनी किमान तीन महिने आधीपासून खाल्ला त्यांच्या बाळांचं वजनही थोडं वाढलं, पण ज्या बायका मुळातच खूप बारीक होत्या त्यांच्या बाळांना तो फायदा दिसला नाही. म्हणून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १८.५ च्या खाली असेल तर आधी दोन-चार किलो वजन वाढवा, मग दिवस राहू द्या.

## टप्पा २: पहिले बारा आठवडे

टेस्ट पॉझिटिव्ह आली की "तीन महिने कोणाला सांगायचं नाही" हे सुरू होतं. पाहुण्यांना नका सांगू हवं तर, पण आशाताईला, अंगणवाडीत आणि डॉक्टरांना सांगा. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवून माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. प्रायव्हेट डॉक्टरकडे जात असाल तरी हे कार्ड काढा, लस, गोळ्या, अंगणवाडीचा आहार आणि मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे ५००० रुपये सगळं याच नोंदीवर चालतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर कार्ड सोबतच न्यायचं, आणि टोळी जिथे उतरेल तिथल्या उपकेंद्रात दाखवून पुढच्या गोळ्या आणि तपासणी मागून घ्यायची.

या तीन महिन्यांत दोघांचं खायची काहीच गरज नाही, वजन एखाद-दोन किलो वाढलं तरी पुरे. मळमळ असेल तर उठल्या उठल्या कोरडं काहीतरी, चुरमुरे, फुटाणे, खाकरा, दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं, आणि पाणी जेवणासोबत न पिता मधल्या वेळेत. फोडणीचा वास सहन होत नसेल तर स्वयंपाक दुसऱ्या कोणीतरी करायचा, हा काही नखरा नव्हे.

लगेच दवाखाना: पाणीसुद्धा पोटात राहत नाही, लघवी गडद आणि कमी होतेय, वजन उतरतंय. "पहिल्या महिन्यांत असंच असतं" म्हणून थांबू नका.

फॉलिक ॲसिड चालू ठेवा. लोहाची गोळी अजून नको, उलट्या वाढतात. हिमोग्लोबिन खूपच कमी असेल तर डॉक्टर सांगतील तसं.

## टप्पा ३: चौथ्या महिन्यापासून गोळ्यांचं वेळापत्रक

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि इथेच तो सगळ्यात सोप्यात सुटतो.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. सोबत कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. चौथा-पाचवा महिना चालू असताना जंताची एक गोळी, तीही पहिले तीन महिने संपल्यावरच.

माझ्यासमोर बसलेली बाई सांगते, "ताई मी एकही गोळी चुकवत नाही," आणि खरंच पाकिटं रिकामी असतात, पण हिमोग्लोबिन नऊवर अडकलेलं. मग विचारलं की कळतं, सासूबाई रोज रात्री प्रेमाने हळदीचं दूध देतात आणि लोहाची गोळी त्याच दुधासोबत गिळली जाते. किंवा लोह आणि कॅल्शियम दोन्ही सकाळी चहासोबत एकदमच. दुधातलं कॅल्शियम आणि चहातलं टॅनिन लोहाला रक्तात जाऊच देत नाही. गोळी घेतली जाते, लागू पडत नाही.

म्हणून वेळा अशा बांधा:

१. सकाळी नाष्ट्यानंतर: कॅल्शियमची पहिली गोळी.
२. दुपारी जेवणानंतर: कॅल्शियमची दुसरी.
३. संध्याकाळी पाचला: दूध. रात्रीचं दूध इथे आणायचं.
४. रात्री जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना: लोहाची गोळी, लिंबूपाण्यासोबत किंवा आवळ्याची फोड चघळत.

चहा-कॉफी लोहाच्या गोळीच्या आधी-नंतर एक तास नाही. कॅल्शियम आणि लोह यांच्यात दोन तासांचं अंतर. रात्री घेतली की मळमळ झोपेत निघून जाते. शौचाला काळं होतं, ते होणारच, घाबरायचं नाही. बद्धकोष्ठ झालं तर गोळी बंद करू नका, पाणी, पेरू, पालेभाजी, भिजवलेले काळे मनुके वाढवा, तरी त्रास असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात.

"लोहाच्या गोळीने बाळ काळं होतं" हे अजूनही ऐकायला मिळतं. रंग आई-बापाकडून येतो, गोळीचा काही संबंध नाही. लोह कमी पडलं तर मात्र बाळ लवकर जन्मण्याचा, हलकं असण्याचा धोका वाढतो आणि जन्मतः त्याच्या अंगातला लोहाचा साठा कमी राहतो, जो मेंदूच्या वाढीला लागतो.

तपासून बघा: गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. गोळ्या बरोबर वेळेला सुरू केल्यावर महिन्याने पुन्हा तपासा, साधारण १ ने वाढलेलं दिसलं पाहिजे. नाही वाढलं तर गोळ्यांवर गोळ्या नकोत, बी-१२ आणि थॅलेसेमिया बघायला सांगा. ७ च्या खाली असेल तर घरचे उपाय करत बसू नका, हॉस्पिटल. आणि बीट, खजूर, डाळिंब खावेत जरूर, पण नुसत्या त्यांच्यावर ८ चं ११ होत नाही.

## टप्पा ४: ताट

गरोदरपणात रोजच्या जेवणापेक्षा साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि कपभर दूध, बस एवढंच. डबल जेवण नाही. वाढवायचं आहे ते पोळी-भाताऐवजी बाकीचं.

प्रोटीन आधी बघा. शेवटच्या तीन महिन्यांत रोज सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन जास्त लागतं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, ग्लासभर दुधात ६-७, मूठभर शेंगदाण्यात ७, घट्ट वरणाच्या वाटीत ६ च्या आसपास. आता आपल्या ताटात बघा: पातळ वरण भातावर दोन चमचे आणि बाकी पोळी-बटाटा, त्यातून हे होणार नाही. वरण घट्ट करा, उसळ रोज, अंडं खात असाल तर रोज एक-दोन पूर्ण शिजवलेली. प्रोटीन पावडरचा डबा घ्यायच्या आधी एवढं करून बघा, त्या डब्याच्या पैशात महिनाभराची अंडी येतात.

मग पालेभाजी. पुण्याच्या अभ्यासात ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत होत्या त्यांची बाळं जास्त चांगल्या वजनाची होती. मेथी, शेपू, चाकवत, राजगिरा, अंबाडी, शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा पाला, जे बाजारात स्वस्त असेल ते रोज वाटीभर. धुवायची आधी, चिरायची नंतर. वरून लिंबू पिळा म्हणजे लोह जास्त लागू पडतं.

मासे खात असाल तर बांगडा, तारली उत्तम. मुशी आणि मोठी सुरमई कमी, मोठ्या माशांत पारा साठतो. कच्ची पपई नको, कच्चं अंडं नको, न तापवलेलं दूध नको. मीठ आयोडीनचंच, डबा झाकून. सैंधव चांगलं म्हणून रोजच्या स्वयंपाकात ते एकटंच वापरणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतेय, बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतं आणि साध्या सैंधवात ते पुरेसं नसतं.

उपवासांचं काय? माझं मत स्पष्ट आहे, या नऊ महिन्यांत उपवास नको, आणि निर्जळी तर मुळीच नको. मन मानत नसेल तर साबुदाण्यावर दिवस काढू नका, त्यात प्रोटीन जवळपास नाही. राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध, शेंगदाण्याची आमटी, फळं असं खा, आणि लोहाची गोळी उपवासाच्या दिवशीही चालू.

आणि एक गोष्ट कुठल्याच चार्टमध्ये नसते. घरात सगळे जेवून झाल्यावर सून शेवटी बसते, तेव्हा भाजी कढईच्या तळाला आलेली असते, वरणात पाणी घातलेलं असतं आणि अंडी संपलेली असतात. तिला गोळ्या कितीही द्या, ताट असं असेल तर काय होणार? तिचं ताट आधी वाढून बाजूला ठेवा. हे काम सासूबाईंनी किंवा नवऱ्याने करायचंय, तिला स्वतःला ते मागायला लागू नये. अंगणवाडीतून येणारं पाकीट, आदिवासी भागात अमृत आहार योजनेतलं जेवण, हे तिचं आहे, घरात सगळ्यांत वाटून टाकायचं नाही.

## टप्पा ५: शुगरची तपासणी, दोनदा

पहिली भेट झाली तेव्हा एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांच्या मध्ये पुन्हा. पहिली नॉर्मल आली म्हणून दुसरी सोडतात, ही मोठी चूक, कारण गरोदरपणातला डायबिटीस बहुतेक वेळा याच आठवड्यांत वर येतो.

१. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत पिऊन संपवायचं.
२. दोन तास दवाखान्यातच बसायचं, मध्ये काही खायचं नाही, फिरायचं नाही.
३. दोन तासांनी रक्त. १४० किंवा त्याच्या वर आलं तर डायबिटीस धरतात.

अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती टेस्ट धरू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. सरकारी पद्धतीत उपाशी असणं गरजेचं नाही, पण काही लॅबची पद्धत वेगळी असते, आदल्या दिवशी विचारून घ्या.

शुगर वाढलेली निघाली तर घाबरून जेवण तोडू नका. साखर, गूळ, ज्यूस, बिस्किटं बंद, भात-पोळी मोजून, तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी, प्रत्येक जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालणं. दोन आठवड्यांनी जेवणानंतर दोन तासांची शुगर १२० च्या आत नसेल तर औषध किंवा इन्सुलिन लागतं. इन्सुलिनने बाळाला काही होत नाही. शुगर तशीच राहिली तर होतं: बाळ चरबीने मोठं होतं, जन्मल्यावर त्याची शुगर एकदम खाली जाऊ शकते, आणि पुढे त्या मुलाला लठ्ठपणा आणि डायबिटीसचा धोका जास्त असतो.

## टप्पा ६: सातव्या महिन्यापासून वजन

"जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि सिझर करावं लागेल" म्हणून शेवटच्या महिन्यांत मुद्दाम कमी खाणाऱ्या बायका अजून आहेत. बाळ नको तितकं मोठं होतं ते प्रामुख्याने शुगरने किंवा आई मुळात खूप जाड असेल तर, वरण-भाजी-अंड्याने नाही. नेमकं याच काळात बाळाचं वजन सगळ्यात जास्त वाढतं, तेव्हाच हात आखडता घेतला तर बाळ अडीच किलोच्या खाली येतं.

सुरुवातीचं वजन ठीक असेल तर पूर्ण नऊ महिन्यांत १० ते १२ किलो वाढ चांगली, बारीक असाल तर त्याहून जास्त, जाड असाल तर ७ ते ११ च्या आसपास. वजन नेहमी त्याच काट्यावर, सकाळी, तसल्याच कपड्यांत. कार्डावरचा वजनाचा रकाना रिकामा दिसला तर नर्सताईंना भरायला लावा.

लगेच दवाखाना: आठवड्यात वजन एकदम किलोच्या वर गेलं आणि चेहरा-हात सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी, बीपी १४० च्या वर. बाळाची हालचाल कमी झाली, रक्त गेलं, पाणी गेलं तरीही.

दुपारी दोन तास आडवं होणं हा औषधाचाच भाग समजा. डोक्यावरून हंडे आणि चुलीच्या धुरात तासन्‌तास बसणं या महिन्यांत दुसऱ्या कोणीतरी घ्यायचं.

## टप्पा ७: बाळंतपण आणि पुढची दोन वर्षं

आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा की आई-बाळ दोघं ठीक असतील तर नाळ एक मिनिट तरी थांबून कापाल का. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडे येतं आणि त्याचा पहिल्या सहा महिन्यांचा लोहाचा साठा वाढतो.

पहिल्या तासात स्तनपान, चिकाचं पिवळं दूध टाकायचं नाही. मध, साखरपाणी, गुटी, वरचं पाणी सहा महिने काहीच नाही, उन्हाळ्यातही नाही. आईची लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सहा महिने चालू. बाळंतिणीला फक्त तूप-भात आणि लाडू देऊन भाज्या-फळं "वातूळ" म्हणून बंद करतात ते करू नका, आणि दूध, दही, अंडीही ताटात ठेवा, कारण आईचं बी-१२ कमी असेल तर दुधातही ते कमी उतरतं आणि बाळाची वाढ अडते.

सहा महिने झाले की वरचं खाणं, घट्ट, चमच्यावरून ओघळणार नाही असं. नुसतं पातळ नाचणीसत्व पुरत नाही, त्यात डाळ, तूप, कुस्करलेली भाजी, अंडं आलं पाहिजे. वर्षापर्यंत साखर आणि मीठ नको. सहा महिन्यांपासून बाळाचं लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा १ मिली, आशाताईकडे मिळतं.

हलकं जन्मलेलं मूल पाहिलं की घर त्याला गुटगुटीत करायच्या मागे लागतं, बिस्किटं, फॅरेक्स, साखर घातलेलं दूध. माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. कमी वजनाने जन्मून पुढे झपाट्याने चरबी चढलेल्या मुलांनाच डायबिटीस आणि बीपीचा धोका सर्वात जास्त असतो. नीट दूध, नीट खाणं आणि कार्डावरच्या वाढीच्या रेषेबरोबर हळूहळू चढणारं वजन आणि उंची, एवढं पुरे.

गरोदरपणात शुगर वाढलेली असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची ग्लुकोजची टेस्ट पुन्हा करायची आणि नॉर्मल आली तरी नंतर दर वर्षी शुगर बघायची. बाळाला घेऊन लसीला जाताच ना, त्याच दिवशी आईचं रक्त द्या. आणि कार्ड जपून ठेवा, मूल पाच-सहा वर्षांचं झालं की बालरोगतज्ज्ञांना त्याचं जन्माचं वजन आणि आईची शुगर दोन्ही दाखवा.